दुसरी रेघ

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. मिरकरवाड्यातल्या, बंदरालगतच्या आमच्या घरी नजर काढणं, अंगारा लावणं, लिंबू उतरवणं सगळं रीतसर चालायचं, आणि मी बी.एस्सी. झालेली कार्टी त्या लिंबाचं सरबत करून पिईन म्हणायचे. आई म्हणायची, "हिच्या वाटेला भूत गेलं तर भुताचीच नजर काढायला लागंल." तर अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण जे झालं ते भर दिवसा, ट्यूबलाइटखाली आणि चार माणसांसमोर झालं. तुमच्यापैकी कुणाला उलगडा झाला तर मला जरूर कळवा. मी पुष्कळांना विचारून दमले.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. कोकण रेल्वे तेव्हा फक्त भाषणांतून धावायची. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोलंबी गोठवून बाहेर पाठवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच — चपला बाहेर, आत एसी, मशीनवर कापडाचं झाकण. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, बस्स. लोक दारातून डोकावून जायचे.

माझे वडील, दादा, तांडेल होते. तांडेल म्हणजे लाँचचा कप्तान. खलाशी घेऊन निघाले की चार-पाच दिवस दर्यावर. आणि आमच्याकडे एक पक्की रीत होती. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. ते तुमच्याही घरी असेल, पण दर्यावर्दी माणसाच्या घरात त्याची धार वेगळी. लहानपणी मी एकदा दारात "दादा, कुठे?" म्हटलं, तर ते परत येऊन ओटीवर बसले, पाणी प्यायले, आणि त्या दिवशी लाँच सुटली नाही. आई फक्त म्हणायची, "लवकर या." ते म्हणायचे, "येतो." मासा कुठे मिळतो हे तसंही कुठला तांडेल सांगत नाही. त्यामुळे आमच्या घरातून समुद्रावर जाणारा माणूस नेमका कोणत्या दिशेला गेला, हे घरच्यांना कधीच ठाऊक नसायचं.

आता मूळ मुद्दा. आमच्या लिमये साहेबांनी मालाच्या साठ्यासाठी एक नवा प्रोग्रॅम आणला. तो सहाशे चाळीस 'के' मेमरी मागायचा आणि आमच्या मशीनमध्ये होती दोनशे छप्पन्न. मेमरीच्या चिप्स एसटीच्या पार्सलने आल्या. त्या बसवायला कोल्हापूरहून पाटील नावाचा इंजिनिअर यायचा होता, तो काही येईना. शेवटी मॅन्युअल समोर धरून मीच मशीन उघडलं. चिप्स एकेक दाबून बसवल्या. मग आतल्या बोर्डवरचे तांदळाएवढे स्विच. ते बॉलपेनच्या टोकाने सरकवायचे. पेन्सिल वापरायची नाही, तिची पूड आत जाते. काही स्विच मशीनला सांगतात की मेमरी किती आहे, शेजारचे दोन सांगतात की स्क्रीन कोणत्या प्रकारचा आहे. मी मेमरीचे सरकवताना शेजारचाही एक सरकवला, आणि मशीन चालू केलं तर पंखा फिरतोय, आतून बीप बीप, आणि स्क्रीन ठार काळा! एसीत घाम फुटला मला. मग चूक सापडली, स्विच जागेवर नेला. हिरवा आकडा मोजत मोजत वर चढला आणि सहाशे चाळीसवर थांबला.

आणि अक्षरं तिरकी.

भिंतीवरची तसबीर एका अंगाला कलावी तशी सगळी ओळ कललेली. मागची बटणं फिरवली, उजेड कमी-जास्त केला, काही नाही. पुढे पाटील उगवला. त्याने स्क्रीनचं मागचं झाकण काढून काचेच्या मानेवरची कॉइल फिरवली. अक्षरं सरळ झाली. आम्ही दोघं बघत असतानाच ती सावकाश, अगदी आळस देत, पुन्हा कलली. पाटलाने डोकं खाजवलं. मग मी मेमरीचे स्विच पुन्हा दोनशे छप्पन्नवर आणले, तर अक्षरं ताठ. सहाशे चाळीसवर नेले, तिरकी.

"ताई, मेमरीचा आन् पिक्चरचा काय बी संबंध न्हाई," पाटील म्हणाला. "ह्ये आसं हुतच न्हाई."

"अहो, पण होतंय ना समोर!"

"तरीबी हुत न्हाई," म्हणून तो संध्याकाळच्या गाडीने कोल्हापूरला निघूनसुद्धा गेला.

मान वाकडी करून काम करायची मला सवय झाली. मग एकदा दुपारचं ऊन स्क्रीनवर यायला लागलं म्हणून साहेबांनी टेबल फिरवायला सांगितलं. फिरवलं, तर अक्षरं उलट्या अंगाला कलली. आता माझ्यातली फिजिक्सवाली जागी झाली. मी टेबल थोडं थोडं फिरवत गेले. एका जागी अक्षरं अगदी ओळंब्यात उभी राहिली. तेव्हा स्क्रीनची पाठ होती शहराकडे, बंदराकडे. म्हणजे तिकडून काहीतरी ओढतंय. लोहचुंबक, जांभ्यातलं लोखंड, विजेची तार... मी मनात यादी केली आणि खूश झाले.

फक्त एक गोष्ट त्या यादीत बसेना. काही दिवस अक्षरं मुळात तिरकी व्हायचीच नाहीत. टेबल कसंही फिरवा, सरळच. आणि त्या दिवशी घरी गेले की दोरीवर दादांची लुंगी वाळत असायची.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी म्हटलं. पण मन काही गप्प बसेना. एकदा सकाळी दादा दर्यावर होते, अक्षरं तिरकी होती. दुपारी डबा खाऊन परत बसले तर सरळ. घरी जाताना मी त्यांच्या आवडीची खारी घेऊन गेले. दादा ओटीवर बसलेले. आई माझ्या हातातल्या पुडीकडे बघत म्हणाली, "तुला कोनी सांगितलान गो?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरने." ती हसली, मीही हसले. पण मला ते हसणं मनापासून जमलं नाही.

दिवाळी झाली आणि वादळ आलं. त्या दिवसांत यायला नको असतं, पण येतं कधीकधी. रेडिओने सांगितलं, बंदरावर बावटा चढला, एकेक लाँच धडपडत आत शिरली. दादांची आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समुद्र थोडा निवला तशा इतर तांडेलांनी लाँचा काढायची तयारी केली, आणि आमच्या ओटीवर येऊन आईला विचारलं, "वयनी, तांडेल काय बोलून गेला? कुटल्या अंगाला?"

आई खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "आमी कदी इचारलाव होता?"

त्यांच्याही घरी तीच रीत होती. शेवटी कुणालातरी आठवलं की दादांची लाँच निघताना दक्षिणेला वळलेली दिसली होती, म्हणून सगळे पूर्णगड-विजयदुर्गाच्या बाजूला गेले. समुद्र केवढा आणि त्यात लाँच केवढी! मला घरात बसवेना. बाप बेपत्ता आणि ही ऑफिसला निघाली, असं शेजारणी म्हणाल्या असतील. म्हणू देत. मला ती अक्षरं बघायची होती.

मशीन चालू केलं. आकडा वर चढला. अक्षरं तिरकी — आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. मी टेबल ढकलत फिरवलं. बंदराच्या दिशेला ती सरळ होईनात. आणखी फिरवलं. उभी राहिली तेव्हा स्क्रीनची पाठ वायव्येला होती, जयगडच्या अंगाला. आणि सगळ्या लाँचा गेल्या होत्या बरोब्बर उलट्या दिशेला.

सांगू कुणाला? पोलिसांना? साहेबांना? शेवटी जेटीवर इब्राहिमचाचांना गाठलं. दादा आणि ते लहानपणी एकाच होडीवर शिकलेले. चाचांची स्वतःची लाँच डिझेल भरायला मागे थांबली होती. मी भडाभडा सगळं सांगितलं आणि हसण्याची वाट बघत राहिले. चाचा हसले नाहीत. दाढी चोळत म्हणाले, "बाय, येक रेघ गावली तुला. येका रेघंनं काय व्हतं? ती रेघ पार अरबस्तानापतूर जाते. दुसरी पायजे."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. समुद्रात असताना आपण कुठे आहोत हे काढायला एक निशाणी पुरत नाही. दीपगृहाची एक रेघ, डोंगराच्या टोकाची दुसरी. दोन्ही जिथे कापतात तिथे आपण. "तुजा यंत्र दुसऱ्या जाग्यावर न्हेऊन लाव. दोन रेघा जितं मिळतील, तितं मी जातंव."

एवढ्या शांतपणे बोलले ते, की मला रडूच आलं. कुणीतरी मला वेडी न ठरवता पुढचं काम सांगत होतं.

चाचा लाँचचं होकायंत्र पंच्यात गुंडाळून माझ्याबरोबर मिरजोळ्याला आले. स्क्रीनजवळ होकायंत्राचा काटा थरथरायला लागला, म्हणून स्क्रीनच्या पाठीपासून सरळ दोरी ताणून आम्ही ती दारातून अंगणात नेली आणि तिथे त्यांनी दिशा घेतली. लिमये साहेब हे सगळं बघत उभे. मी म्हटलं, "साहेब, मशीन थोडा वेळ मिरकरवाड्याला न्यायचंय. टेंपो हवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चाचांच्या हातातल्या होकायंत्राकडे बघितलं. कंपनीत कुणी झाकणाला हात लावला तरी ओरडणारा माणूस. म्हणाले, "मी काही विचारत नाही. गोणपाटात नीट गुंडाळा. काच आहे."

मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात एक प्लग होता. ओल्या फरशीवर मासळीचे दोन क्रेट उपडे घातले, त्यावर फळी, फळीवर मशीन. बर्फ फोडणारी माणसं, जाळी विणणारे, कोळणी, सगळे गोळा झाले. आई मागे भिंतीशी उभी होती, तोंडाला पदर लावून. मी बटण दाबलं. हिरवा आकडा चढायला लागला... चौसष्ट, एकशे अठ्ठावीस... त्या मशीनला आकडा मोजायला नेहमीच वेळ लागायचा, पण त्या दिवशी तो संपता संपेना. सहाशे चाळीस. अक्षरं आली, तिरकी. मी दोन्ही हातांनी स्क्रीन फिरवत गेले, तिळातिळाने. उभी राहिली. चाचांनी दोरी ताणली आणि बाहेर जाऊन दिशा घेतली.

मग दर्याच्या नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी दोन रेघा मारल्या. एक मिरजोळ्यातून, एक मिरकरवाड्यातून. जयगडच्या बाहेर, खोल पाण्यात, त्या एकमेकींना कापत होत्या. चाचांनी नकाशाची घडी केली, खलाशांना हाक मारली आणि निघाले. आई पुढे झाली. मला वाटलं, आता विचारणार. पण तिने फक्त म्हटलं, "चाचा, लवकर या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, दादांच्या लाँचला दोर बांधून. सगळी माणसं जिवंत. जेटीवर काय आरडाओरडा झाला तो मी लिहीत नाही, तुम्हीच कल्पना करा. दादांच्या एका हाताला मोठी जखम होती, ओठ फुटलेले. ते आईकडे बघून म्हणाले, "आलो." आईने त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि मग तोच हात त्यांच्या पाठीवर ठेवून उभी राहिली.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी आनंदाने चमत्कार म्हणून मोकळी झाले असते. पण घरी दादा पेज प्यायला बसले, चाचा शेजारी, आणि बोलणं निघालं.

चाचा म्हणाले, "आमी त्या जाग्यावर पोचलाव तवा तितं काय नव्हतं. निस्तं पानी. खलाशी मला शिव्या द्याया लागले. मी म्हटला, आता आलाव हाव तर थांबूया. सकाळ झाली आन् बगतो तर दक्षनंकडून ही लाँच व्हात व्हात येते, आपसूक, आमच्याच पुढ्यात."

मी दादांना विचारलं, "काल दुपारी, आम्ही मशीन लावलं तेव्हा, तुम्ही जयगडसमोर नव्हतात?"

"जयगड? काल दुपारी मला विजयदुर्गाचा डोंगर दिसत होता," दादा म्हणाले. "इंजिन बंद, सुकाणू मोडलेला. मग वाऱ्यानं आणि पाण्यानं वर ढकलला."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. दादा झोपल्यावर ओटीवर येऊन हळूच म्हणाले, "बाय, तुजा यंत्र तो कुटं हाय ते सांगत नाय. तो कुटं गावनार, ते सांगतं."

आणि सगळे धागे जुळले. नेहमीच्या फेरीत दादा समुद्रात कुठेही असोत, स्क्रीनची पाठ मिरकरवाड्याकडे केल्यावरच अक्षरं का उभी राहायची? कारण ते तिथेच येणार असायचे. ज्या प्रश्नाला आमच्या घरात बंदी होती, त्याचंच उत्तर ते मशीन इतके दिवस देत बसलं होतं.

जखम भरेपर्यंत दादा घरी होते. अक्षरं सरळ होती. मी निर्धास्त होते. मग एके दिवशी सकाळी दादांना ओटीवर जाळं दुरुस्त करताना बघून, त्यांच्या हातचा चहा पिऊन मी ऑफिसला आले, मशीन लावलं — आणि अक्षरं तिरकी.

दादा घरी होते. मी स्वतः बघून आले होते.

टेबल फिरवलं. बंदराकडे नाही. जयगडकडे नाही. समुद्राच्या बाजूलाच नाही. अक्षरं उभी राहिली तेव्हा स्क्रीनची पाठ पूर्वेला होती. हातखंबा, पाली, आणि त्यामागे सह्याद्रीचे डोंगर. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला माणूस. तिकडे त्याचं काय काम?

त्याच दिवशी चाचा आपला माल घेऊन कंपनीत आले होते. मी त्यांना आत बोलावलं. अक्षरं बघून, टेबल कुठे फिरलंय ते बघून त्यांनी दारातून पूर्वेकडे नजर टाकली. मग म्हणाले, "दुसरी रेघ काढायची काय?"

काढता आली असती. टेंपो होता, दोरी होती, साहेब नाही म्हणाले नसते. मी दादांचा विचार केला, जाळं मांडीवर घेऊन बसलेल्या. आज सकाळी मला म्हणाले होते, "साखर कमी पडली काय गो चहात?" मला तो माणूस हवा होता. नकाशावरची फुली नको होती.

"नको, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी मशीन बंद केलं, झाकण उघडलं, बॉलपेनच्या टोकाने मेमरीचे स्विच पुन्हा दोनशे छप्पन्नवर सरकवले आणि चिप्स काढून डबीत घातल्या. अक्षरं सरळ. साहेबांना सांगितलं, चिप्स खराब झाल्या, नवा प्रोग्रॅम चालणार नाही. भरपूर बोलणी खाल्ली. पाटलाने त्या चिप्स कोल्हापूरला नेऊन तपासल्या आणि एकही खराब नाही असा निरोप धाडला, त्यावर आणखी बोलणी खाल्ली. ते मशीन मी असेपर्यंत पुन्हा सहाशे चाळीसवर गेलं नाही. पुढे कंपनीने ते विकलं; कुणाकडे गेलं माहीत नाही.

दादा त्यानंतर खूप वर्षं जगले. पुन्हा दर्यावर गेले, नातवंडं बघितली, कोकण रेल्वेत बसून तिला नावं ठेवली. मग एका पावसाळ्यानंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला हलवायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी त्यांच्याजवळ होते. निघताना आई दारात म्हणाली, "लवकर या." दादा स्ट्रेचरवरून म्हणाले, "येतो." हातखंबा गेला, पाली गेली, आंबा घाटाचा चढ जवळ आला. दादांनी खिडकीकडे बघून विचारलं, "दर्या मागं ऱ्हायला काय गो?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. एक बंद चहाची टपरी होती, शेजारी फणसाचं झाड. दादा तिथे गेले.

माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. स्क्रीनमधल्या कॉइलला एका माणसाचं पुढचं ठिकाण कसं कळेल? मेमरी वाढवल्यावरच का? वर्षानुवर्षं आधी का? विश्वास नाही म्हणते आणि विसरताही येत नाही, अशी माझी गत आहे.

माझ्या कपाटात जिल्ह्याचा नकाशा आहे. पट्टी आहे. त्या दिवशी टेबल कसं उभं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे, आणि ती टपरीही. मिरजोळ्यातून निघालेली रेघ त्या फणसावरून जाते की नाही, हे बघायला दोन मिनिटं पुरतील. माझा नवरा म्हणतो, एकदा बघून टाक म्हणजे सुटशील.

मी अजून बघितलेलं नाही. आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत.